करंट ट्रान्सफॉर्मरचा पंखा: एका सीटीने घातलेला घोळ

रिव्ह्यू कॉलवर मेकॅनिकलचे सर एकदम शांतपणे म्हणाले, "मॅडम, करंट ट्रान्सफॉर्मरला पंखा कधीपासून बसवायला लागलात?" मग अर्धा मिनिट सगळे हसत होते, मी सोडून. मॅन्युअलचं पान उघडलं तर खरंच तसंच होतं. (करंट ट्रान्सफॉर्मर म्हणजे मोठा करंट मोजण्यासाठी तो लहान करून देणारं उपकरण, त्याला पंखा कुठला.) कूलिंग टॉवरच्या मेंटेनन्सचं प्रकरण, त्यातली पहिलीच स्टेप, करंट ट्रान्सफॉर्मर, कंसात सीटी, आणि पुढे पंख्याची पाती साफ करा. खालच्या स्टेपला नुसतं सीटी. म्हणजे पहिल्यांदा फुल फॉर्म आणि नंतर शॉर्टफॉर्म हा नियम सिस्टीमने अगदी इमानदारीत पाळला होता, फक्त फुल फॉर्म भलत्याच वस्तूचा.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण शोधताना कळलं की कुणाचीच टायपिंगची चूक नव्हती. सोर्समध्ये एकही शब्द चुकलेला नव्हता आणि तरी आउटपुट चुकीचं.

आधी काय परिस्थिती होती ते सांगते. दोन मॅन्युअल होती, एक इलेक्ट्रिकल पॅनलचं, एक कूलिंग सिस्टीमचं. दोन्ही डिटा एक्सएमएलमध्ये (मजकूर टॅग लावून छोट्या तुकड्यांत, म्हणजे टॉपिकमध्ये लिहायची पद्धत, आणि कुठले टॉपिक कुठल्या क्रमाने हे मॅप नावाची फाइल सांगते), पण दोन वेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली आणि वेगवेगळी पब्लिश व्हायची. कित्येक रिलीज अशी नीट गेली. मग ठरलं की साइटवरच्या माणसाला दोन पुस्तकं कशाला, एकच ऑपरेशन आणि मेंटेनन्स मॅन्युअल करू. माझ्याकडे काम आलं ते मर्ज करायचं. सोपं वाटलं, वर एक मुख्य मॅप बनवायचा, त्यात दोन्ही जुने मॅप जोडायचे, झालं. दुपारपर्यंत बिल्ड, म्हणजे तयार मॅन्युअल, निघाला, एरर शून्य, मी खूश.

डिटात शॉर्टफॉर्मचं काम कसं चालतं हे माहीत नसेल तर थोडक्यात. प्रत्येक शब्दासाठी एक छोटी ग्लॉसएन्ट्री फाइल असते. ग्लॉसटर्ममध्ये पूर्ण नाव, ग्लॉसएक्रोनिममध्ये शॉर्टफॉर्म, आणि ग्लॉससरफेसफॉर्ममध्ये पहिल्यांदा दिसताना वाचकाला जे दाखवायचं ते, म्हणजे पूर्ण नाव आणि कंसात शॉर्टफॉर्म. मॅपमध्ये त्या फाइलला एक की देतात. (मराठीत लिहिताना हा 'की' फार छळतो, वाक्यातला की कुठला आणि टेक्निकल की कुठली तेच कळत नाही, म्हणून पुढे मी चावी म्हणतेय. शॉर्टफॉर्मच्या गोंधळावर लिहिताना हे व्हावं म्हणजे कमालच.) मग टॉपिकमध्ये लेखक शब्द टाइपच करत नाही, तिथे अ‍ॅब्रिव्हिएटेड-फॉर्म नावाचा रिकामा एलिमेंट ठेवतो आणि त्याच्या कीरेफमध्ये चावीचं नाव लिहितो. पब्लिश होताना प्रोसेसर, म्हणजे आउटपुट काढणारं सॉफ्टवेअर, ठरवतो की पहिल्यांदा आलाय तर सरफेस फॉर्म, नाहीतर अ‍ॅक्रोनिम. ग्लॉसरी टॉपिक डिटा १.१ पासून होता, पण हा एलिमेंट १.२ मध्ये म्हणजे २०१० मध्ये आला.

कल्पना चांगली आहे. फुल फॉर्म एकाच ठिकाणी राहतो, लेखकाला लक्षात ठेवावं लागत नाही की आपण आधी कुठे उघडून सांगितलंय का. आमच्या जुन्या वर्ड फाइल्समध्ये व्हीएफडी हाच शब्द एका ठिकाणी व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, दुसरीकडे व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह आणि एके ठिकाणी चक्क व्होल्टेज फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह होता, तसलं काही होत नाही.

तर घोळ कुठे झाला. इलेक्ट्रिकलवाल्याने चावीला नाव दिलं होतं सीटी. कूलिंगवाल्यानेही नाव दिलं होतं सीटी. दोघांचंही बरोबर, कारण पॅनलच्या जगात सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर आणि मेकॅनिकलवाल्यांच्या बोलण्यात सीटी म्हणजे कूलिंग टॉवर, दोघांनाही शंका यायचं कारणच नाही. वेगवेगळे मॅप होते तोपर्यंत दोन चाव्या एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. मी त्यांना एका छताखाली आणलं. आणि डिटाचा नियम असा आहे की एका मुख्य मॅपखाली चाव्यांची एकच यादी बनते, एकाच नावाच्या दोन चाव्या असतील तर जी आधी सापडेल ती खरी, दुसरीकडे कुणी बघतही नाही. शोधायची पद्धत थर-थर, आधी वरच्या मॅपमधल्या चाव्या, मग त्याला जोडलेले मॅप ज्या क्रमाने असतील त्या क्रमाने. मी इलेक्ट्रिकलचा मॅप आधी जोडला होता. संपला विषय.

यात एरर का आली नाही तर ही चूक धरलीच जात नाही, ही सोय आहे. वरच्या मॅपमध्ये तीच चावी पुन्हा लिहून खालची बदलता यावी, म्हणजे एकाच टॉपिकमधून दोन प्रॉडक्टची मॅन्युअल काढता यावीत, म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय. प्रॉडक्टचं नाव, व्हर्जन नंबर असल्या गोष्टींना हे फारच उपयोगी. शॉर्टफॉर्मला मात्र घातक, कारण दोन अक्षरं सारखी असणं हा तिथे योगायोग असतो, ओव्हरराइड नसतं.

पहिला उपाय, जो करायला नको होता

रिव्ह्यू संध्याकाळी होता, दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ड द्यायचा होता. टीममधल्या एका मुलाने रात्री मेसेज टाकला, "ताई झालं, फिक्स केलं, कूलिंगचं चॅप्टर चेक करा." मी कूलिंगचं चॅप्टर चेक केलं. मस्त, कूलिंग टॉवरच्या पंख्याची पाती साफ करा. मी अंगठा दाखवला आणि झोपले.

त्याने काय केलं होतं, तर मॅपचा क्रम उलटा केला होता. कूलिंग आधी, इलेक्ट्रिकल नंतर.

सकाळी सवयीने इलेक्ट्रिकलच्या सेफ्टीच्या पानावर नजर टाकली. तिथे एक वॉर्निंग आहे जी त्या अख्ख्या चॅप्टरमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणता येईल. करंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (मुख्य करंटच्या बाजूतून) करंट चालू असताना सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) कधीही ओपन करायची नसते. सेकंडरीला साधारण १ किंवा ५ अँपिअर असतात म्हणून माणसाला वाटतं यात काय एवढं, पण सर्किट ओपन झालं की प्रायमरीच्या करंटला तोल द्यायला समोर काही उरत नाही, कोअर सॅच्युरेट होतो आणि त्या दोन टर्मिनल्सवर हजारांच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं. माणूस जाऊ शकतो. आणि माझ्या बिल्डमध्ये ती वॉर्निंग अशी होती: कूलिंग टॉवर, कंसात सीटी, याची सेकंडरी लोडवर ओपन करू नका.

कल्पना करा, पॅनलसमोर उभा असलेला टेक्निशियन ही ओळ वाचतोय. कूलिंग टॉवरला कुठली आली सेकंडरी, तो म्हणणार हे आपल्यासाठी नाही, आणि पुढे जाणार. पंख्याची चूक निदान हसवत होती, ही कुणाच्या लक्षातही आली नसती.

त्या मुलाला मी काही बोलले नाही, कारण अंगठा मीच दाखवला होता. बिल्ड थांबवला.

मग खरं काय केलं

सगळ्यात आधी सुचलं ते डिटा १.३ मधलं कीस्कोप. २०१५ मध्ये आलेली सोय आहे, जोडलेल्या प्रत्येक मॅपला स्वतःचं आवार देता येतं, मग इलेक्ट्रिकलच्या आवारात सीटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कूलिंगच्या आवारात सीटी म्हणजे टॉवर, टॉपिकमध्ये एक अक्षर बदलायला नको. दोन अ‍ॅट्रिब्यूट लिहिले की काम तमाम. मी करून पण बघितलं, चाललं.

आणि तरी काढून टाकलं. कारण ट्रबलशूटिंगचं चॅप्टर दोन्हीच्या मध्ये बसतं. तिथे एक लक्षण आहे, टॉवरच्या पंख्याची मोटर जास्त करंट घेतेय, मग तपासायचं काय तर पंखा आणि करंट ट्रान्सफॉर्मरचं रीडिंग. मार्कअपने दोन्ही सीटी बरोबर जागी पोचवले, आउटपुट तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के अचूक, आणि पान वाचलं तर सीटीची पाती, सीटीचा रेशो, सीटीचं पाणी, सीटीची सेकंडरी. दोन वेळा वाचून मलाच गरगरलं. कीस्कोपने मशीनचा गोंधळ मिटतो, माणसाचा तसाच राहतो. माझ्या मते तो प्रश्न टॅगने सुटण्यातलाच नाही, एका सीटीने जागा सोडायला हवी.

कुणी सोडायची यावर बरीच वादावादी झाली. मेकॅनिकलचे सर म्हणाले आम्ही इतकी वर्षं सीटी म्हणतोय. खरं आहे, पण म्हणतोय आणि लिहिलेलं असतंय यात फरक आहे. करंट ट्रान्सफॉर्मर ड्रॉइंगवर सीटी म्हणून आहे, पॅनलच्या आत लेबलवर सीटी १, सीटी २ असं छापलंय, तिथे आपण काही बदलू शकत नाही आणि मॅन्युअलमधला शब्द समोरच्या लेबलशी जुळलाच पाहिजे. टॉवरवर कुठेही सीटी लिहिलेलं नाही. बरं कूलिंग टॉवर हे पूर्ण नाव काही फार लांब नाही. तर टॉवर कायम पूर्ण लिहायचा, त्याच्या ग्लॉसएन्ट्रीत सीटी ठेवलं पण ग्लॉसस्टेटस प्रोहिबिटेड. ही व्हॅल्यू मला फार आवडते, त्यामुळे शब्द नुसता गायब होत नाही, हा शब्द आहे, लोक वापरतात आणि आपण वापरायचा नाही, असं तिन्ही लिहून राहतं. सहा महिन्यांनी नवीन माणूस येऊन पुन्हा उत्साहाने सीटी घालणार नाही.

दुसरं म्हणजे चाव्यांची नावं. सीटी ही चावीच रद्द. चावीचं नाव आता अक्षरांवरून नाही, अर्थावरून: करंट-ट्रान्सफॉर्मर, कूलिंग-टॉवर. सगळ्यांच्या पुढे ग्लॉस असा उपसर्ग लावून, म्हणजे प्रॉडक्टच्या नावाच्या वगैरे चाव्यांशी टक्कर नको. सोर्स वाचतानाही मग कळतं कशाबद्दल चाललंय, नाहीतर रिकामा एलिमेंट आणि आत सीटी, लेखकालाच आठवत नाही.

नावं बदलताना अजून एक धडा मिळाला. चार ठिकाणी जुनी चावी राहिली. अ‍ॅब्रिव्हिएटेड-फॉर्मच्या आत मजकूर नसतोच, त्यामुळे चावी सापडली नाही की दाखवायला काहीच नाही, वाक्यात सरळ भोक. "मेन ब्रेकर बंद करून ची जोडणी तपासा." लॉगमध्ये वॉर्निंग होती, पण इतर दोन-तीनशे वॉर्निंगच्या ढिगात, आणि तो ढीग कोण उपसतो. आता बिल्ड दोन गोष्टींवर सरळ फेल होतो, एक न सापडलेली चावी, दुसरं म्हणजे एका नावाच्या दोन चाव्या दोन वेगळ्या ग्लॉसएन्ट्रीकडे जात असतील तर. दुसरं तपासायला वीसेक ओळींची स्क्रिप्ट लागली. ती पहिल्या दिवशी असती तर हा लेख नसता.

ऑटोमॅटिक टॅगिंगचा मोह

जुन्या टॉपिक्समध्ये खूप शॉर्टफॉर्म साधे टाइप केलेले होते, टॅगच नाही. कुणीतरी म्हणालं दोन ते पाच कॅपिटल अक्षरं शोधायची आणि गुंडाळायची. चालवून बघितलं. ऑन, ऑफ, स्टॉप हे सगळे शॉर्टफॉर्म ठरले, पार्ट नंबरचे तुकडे ठरले, टर्मिनलची नावं ठरली. शेवटी स्क्रिप्टने फक्त यादी काढायची आणि टॅग माणसाने लावायचा असं ठरवलं, कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज दिसला नाही.

किलोवॅट, अँपिअर यांची चिन्हं पण कुणी ग्लॉसरीत घालायला निघालं होतं, ते थांबवलं. एककांची चिन्हं म्हणजे शॉर्टफॉर्म नाहीत, एसआय पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेतही तसंच म्हटलंय. आणि लेसरसारखे शब्द, जे मुळात शॉर्टफॉर्म होते हे लोक विसरून गेलेत, ते उघडून सांगायला गेलं तर वाचणारा आपल्यालाच वेड्यात काढेल. पीडीएफ, यूएसबी पण तसेच सोडले.

पहिल्यांदा म्हणजे नक्की कधी

यावर मला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि अजूनही पूर्ण समाधान नाही. छापील पुस्तकात पहिल्यांदा म्हणजे पुस्तकात पहिल्यांदा, असं आपण शाळेपासून शिकतो. पण मेंटेनन्स मॅन्युअल कोण पहिल्या पानापासून वाचतं? अलार्म आला की माणूस अलार्मचा नंबर शोधतो आणि थेट मधल्या पानावर उतरतो. वेबवर तर प्रत्येक टॉपिक हेच पहिलं पान. म्हणून वेबसाठी प्रत्येक टॉपिकमध्ये एकदा, पीडीएफसाठी प्रत्येक चॅप्टरमध्ये एकदा असं ठेवलं. वॉर्निंगमध्ये मात्र दरवेळी पूर्ण, आधी दहादा आलेलं असलं तरी, तिथे जागा वाचवून काय करायचंय.

टायटलमध्ये हा एलिमेंट बंदच केला, कारण पहिल्यांदा येणं नेमकं टायटलमध्ये घडलं तर सरफेस फॉर्म अनुक्रमणिकेत जाऊन बसतो आणि खाली परिच्छेदात नुसती अक्षरं राहतात. टायटलला एकतर पूर्ण नाव हाताने नाहीतर शब्दच टाळायचा. टेबलातही तसंच, अरुंद कॉलममध्ये प्रोसेसरने मर्जीने पूर्ण नाव घातलं की टेबल उसवतं. तिथे शॉर्टफॉर्म साधा आणि टेबलाखाली एक ओळीची यादी.

एचटीएमएल आउटपुटला आधी आम्ही शॉर्टफॉर्मचा एबीबीआर टॅग लावून त्याच्या टायटल अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फुल फॉर्म ठेवला होता, माउस नेला की दिसतो. (पूर्वी एक्रोनिम असाही वेगळा टॅग होता, एचटीएमएल ५ ने तो काढून टाकला, बरं झालं, अ‍ॅक्रोनिम कुठला आणि अ‍ॅब्रिव्हिएशन कुठलं यावर लोक दिवस घालवायचे.) पण साइटवर सगळे टॅब्लेट वापरतात, हातात ग्लोव्ह्ज, माउस कुठला. कीबोर्डने पण तिथे पोचता येत नाही. टॅग ठेवला, अपेक्षा सोडली, आणि फुल फॉर्म दिसणाऱ्या मजकुरातच दिला. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांमध्ये शॉर्टफॉर्मचा नियम ३.१.४ आहे, तो ट्रिपल ए म्हणजे सगळ्यात कडक पातळीचा, म्हणजे बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत. त्यातही पहिल्या वापराच्या शेजारी फुल फॉर्म लिहिणं हा मान्य मार्ग आहेच, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा तोच.

भाषांतराचं काम नंतर आलं आणि तिथे कळलं की सरफेस फॉर्म वेगळा एलिमेंट का ठेवलाय. इंग्लिशमध्ये आधीच एक खोच होती, शॉर्टफॉर्म एमसीबी असेल तर आधी अ‍ॅन येतो आणि पूर्ण मिनिएचर सर्किट ब्रेकर आला की ए, पण वाक्य लिहिताना लेखकाला माहीतच नसतं इथे कुठला येणार. मराठीत त्याहून मजा. शब्दाला प्रत्यय लागतो आणि आधी शब्दाचं सामान्यरूप होतं. एमसीबीला ठीक आहे, पण प्रोसेसरने पूर्ण नाव आणि कंस घातला की 'ला' कंसाच्या बाहेर लोंबकळतो. आणि कुणी भाषांतरात शुद्ध मराठी नाव घेतलं, समजा एखादा 'मनोरा', तर मनोऱ्याला व्हायच्या जागी मनोरा, कंस, ला. शेवटी भाषांतर करणाऱ्या ताईंनीच तोड काढली, एलिमेंटच्या मागे एक साधं नाम ठेवायचं आणि प्रत्यय त्याला लावायचा: "या घटकाला", "या उपकरणाची". जरा सरकारी वाटतं वाचायला, पण तुटत नाही.

आता सगळं बसलंय असं म्हणाले असते, पण सीटीसाठी लिहिलेली ती स्क्रिप्ट चालवल्यावर अजून एक जोडी वर आली, एनसी. रिलेच्या टेबलात एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, आणि कनेक्टरच्या पिनांच्या टेबलात एनसी म्हणजे नो कनेक्शन. एकात संपर्क असतोच, दुसऱ्यात असतच नाही. पिनांच्या टेबलातले एनसी काढून 'वापर नाही' असं लिहिलंय. तीन पिना उरल्यात ज्यांच्या टेबलात रिलेचे संपर्क आणि रिकाम्या पिना एकत्रच आहेत, त्यातला कुठला एनसी कुठला हे सोर्स वाचून कळायला मार्ग नाही. इलेक्ट्रिकलच्या सरांना ड्रॉइंग मागितलंय. तोवर त्या तीन ओळी पिवळ्या करून ठेवल्यात आणि बिल्ड त्यांच्यावर फेल होतोय.